साखळीचे कडे

तिन्हीसांजेला निखाऱ्यावर ऊद टाकला की घरभर फिरणारा धूर आपल्या ओळखीचा आहे. दर्ग्यात त्यालाच लोबान म्हणतात. सुमात्रा बेटावरच्या झाडांचा हा चीक अरब व्यापारी पश्चिमेकडे नेत आणि त्याला ‘लुबान जावी’, म्हणजे जावाचा लोबान, म्हणत. युरोपात पोचेपर्यंत नावाची सुरुवात गळून पडली आणि उरलेल्याचे ‘बेंझोइन’ झाले. त्यातून निघालेले आम्ल ते बेंझोइक आम्ल. १८३३ च्या सुमारास मित्शर्लिश या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे आम्ल चुन्याबरोबर तापवले, तेव्हा पाण्यासारखा स्वच्छ, पातळ द्रव त्याच्या हाती आला. त्या द्रवाला आज आपण बेंझिन म्हणतो.

टोल्युइनचेही तसेच. कोलंबियात तोलू नावाचे गाव आहे. तिथून येणाऱ्या सुगंधी राळेतून ते मिळाले आणि गावाचे नाव द्रवाला चिकटले. झायलीन हा शब्द ग्रीक भाषेतल्या लाकडाच्या नावावरून आला, कारण लाकूड तापवून काढलेल्या तेलात ते सापडले. आणि आपल्या घराघरांत रुळलेल्या टेरिलीन, टेरिकॉट या शब्दांतला ‘टेरि’ टेरेफ्थॅलिक आम्लातून आलेला आहे. त्या आम्लाच्या नावात टर्पेंटाइन, म्हणजे पाइनच्या चिकाचे तेल, दडले आहे. या सगळ्या कुळाला ‘ॲरोमॅटिक’ असे सुगंधी नाव पडले ते अशा राळांमुळे आणि चिकांमुळे.

आज या कुळातला माल झाडातून येत नाही. त्याचा फार मोठा हिस्सा खनिज तेलाच्या नॅफ्था नावाच्या भागातून, पाचशे अंश तापमानाला, प्लॅटिनमच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांवरून जाऊन तयार होतो. या प्रक्रियेला कॅटॅलिटिक रिफॉर्मिंग म्हणतात. पुढची सगळी प्रकरणे तिच्याबद्दल आहेत. मी आयुष्यातली बरीच वर्षे अशा युनिटांच्या कंट्रोल रूममध्ये आणि त्यांच्या जिन्यांवर काढली. तिथे मराठीतच बोलणारे कितीतरी ऑपरेटर, फोरमन, लॅबमधली मुले-मुली भेटली. पण त्यांच्या हातून रोज जे घडत होते त्याबद्दल मराठीत वाचायला त्यांच्याकडे काही नव्हते. ही खंत या पुस्तकाच्या मुळाशी आहे.

नॅफ्था म्हणजे पेट्रोलच्या आसपास उकळणारा, कच्च्या तेलाचा हलका भाग. त्यात मुख्यतः सहा ते दहा कार्बनचे रेणू असतात. काही सरळ साखळीसारखे, काही फांदी फुटलेले, काही कड्यासारखे वळून बंद झालेले. त्यातला एकच रेणू आपण हातात धरू : सात कार्बनची सरळ साखळी, म्हणजे हेप्टेन. पेट्रोल इंजिनात किती शांतपणे जळेल याचे माप ऑक्टेन आकड्याने सांगतात, आणि त्या मापाचे शून्य म्हणजेच हेप्टेन. १९२०च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हे माप बसवले, तेव्हा शुद्ध हेप्टेन त्याला कॅलिफोर्नियातल्या जेफ्री पाइन या झाडाच्या चिकातून मिळाले होते. इथेही झाडच!

आता या हेप्टेनची साखळी वाकवून तिचे सहा कार्बनचे कडे केले, सातवा कार्बन कड्याला लोंबता ठेवला आणि हायड्रोजनच्या चार जोड्या काढून घेतल्या, तर जे उरते ते टोल्युइन. त्याचा ऑक्टेन आकडा १२०च्या आसपास असतो. सात कार्बन आधी होते, सातच आता आहेत. बाहेरून काही घातलेले नाही, उलट थोडे काढून घेतले आहे. तरीही मापाच्या तळाशी असलेला रेणू वरच्या टोकाच्याही पलीकडे गेला. सोनार साखळी घेतो आणि तिचे कडे करून देतो, सोने तेवढेच राहते. मला ही प्रक्रिया प्रथम कळली ती याच चित्राने, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याहून चांगले चित्र सापडलेले नाही. ‘रिफॉर्मिंग’ या शब्दाचा अर्थही तोच, नव्याने घडवणे.

आधीच सहा कार्बनचे कडे असलेल्या रेणूंचे काम सोपे असते. त्यांच्याकडून हायड्रोजन काढला की झाले. निकोलाय झेलिन्स्की या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १९११ मध्येच दाखवले होते की प्लॅटिनम किंवा पॅलॅडियमवरून सायक्लोहेक्झेन नेले तर बेंझिन मिळते. पाच कार्बनचे कडे असेल तर ते आधी सहाचे करून घ्यावे लागते. सरळ साखळीचे कडे करणे सर्वांत अवघड, आणि १९३६ मध्ये सोव्हिएत प्रयोगशाळांतून त्याची पहिली स्पष्ट वर्णने आली. म्हणजे रसायनशास्त्राला वाट ठाऊक होती. त्या वाटेवरून रोज हजारो टन माल नेता येईल का, हा प्रश्न उरला होता.

त्याला घाई लावली युद्धांनी. टोल्युइनपासून टीएनटी हा स्फोटक पदार्थ होतो. पहिल्या महायुद्धात दगडी कोळशाच्या भट्ट्यांतून मिळणारे टोल्युइन पुरेना, तेव्हा बोर्निओच्या कच्च्या तेलात ते मुळातच असल्याचे लक्षात घेऊन तिथून काढले गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर, १९४०च्या अखेरीस, टेक्सास सिटीत हायड्रोफॉर्मिंग नावाच्या रिफॉर्मिंगचे पहिले युनिट सुरू झाले. त्यातला उत्प्रेरक मॉलिब्डेनमचा होता. तो काम करी, पण लवकर काळवंडे आणि थोड्या थोड्या वेळाने जाळून साफ करावा लागे. त्या युनिटांनी युद्धात टोल्युइन पुरवले. ज्या रसायनाने पुढे आपल्याला कपडे दिले, त्याचा कारखाना आधी बॉम्बसाठी उभा राहिला, हे या इतिहासातले सत्य मला नजरेआड करावेसे वाटत नाही.

मग व्लादिमिर हेन्सेल आला. १९१४ मध्ये जर्मनीत जन्मलेला, मॉस्कोत वाढलेला, कुमारवयात अमेरिकेत गेलेला हा संशोधक शिकागोच्या युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्समध्ये काम करत होता. रशिया सोडून आलेले थोर उत्प्रेरकतज्ज्ञ इपातिएफ त्याच कंपनीत होते. हेन्सेलने या कामासाठी प्लॅटिनम सुचवले, तेव्हा ही कल्पना बहुतेकांना परवडण्यासारखी वाटली नाही. पेट्रोलसारखी स्वस्त वस्तू करायला दागिन्यांचा धातू वापरायचा? त्याचे उत्तर दोन भागांत होते. एक, धातू फार थोडा पुरतो, एक टक्क्याहूनही खूप कमी, मात्र तो इतका बारीक पसरलेला हवा की जवळजवळ प्रत्येक अणू पृष्ठभागावर, कामाच्या जागी असेल. दोन, तो संपत नाही. उत्प्रेरक म्हातारा झाला तरी त्यातले प्लॅटिनम परत काढून घेता येते. या प्रक्रियेला प्लॅटफॉर्मिंग हे नाव मिळाले आणि १९४९ मध्ये मिशिगन राज्यातल्या मस्किगन गावी, ओल्ड डच नावाच्या लहानशा रिफायनरीत तिचे पहिले युनिट चालू झाले. 

हेन्सेलच्या कल्पनेतले पहिले अर्धे अजूनही मला थक्क करते. ज्यावर प्लॅटिनम पसरतात तो ॲल्युमिना आतून इतका सच्छिद्र असतो की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग सुमारे २०० चौरस मीटर भरतो. मुंबईतल्या माणसाला हे चौरस फुटांत सांगितलेले चटकन कळते : दोन हजारांहून जास्त, म्हणजे चांगल्या तीन-चार फ्लॅटांची जागा चिमूटभर पांढऱ्या गोळ्यांत. शिवाय ॲल्युमिना नुसती बैठक नाही. त्यात वजनाने एक टक्क्याच्या आसपास क्लोरीन मुरवलेले असते, त्यामुळे त्याला आम्लाचा गुण येतो. धातू हायड्रोजन काढतो आणि आम्ल कार्बनचा सांगाडा वळवते, पाचाचे कडे सहाचे करते. अर्धवट घडलेला रेणू धातूकडून आम्लाकडे आणि आम्लाकडून पुन्हा धातूकडे जातो. एकाच घरात दोन कारागीर, आणि त्यांतला एक जरी वरचढ झाला तरी काम बिघडते. आम्ल वाढले तर साखळ्या तुटून गॅस होतो. क्लोरीन कमी पडले तर प्लॅटिनम असूनही ऑक्टेन चढत नाही. वाफेच्या रूपाने पाणी आत आले की क्लोरीन धुऊन निघते. म्हणून रिफॉर्मर सांभाळणाऱ्या माणसाचे निम्मे लक्ष ‘क्लोराइड किती, पाणी किती’ या दोन आकड्यांवर असते.

फीडमध्ये, म्हणजे आत येणाऱ्या नॅफ्थ्यात, गंधक असेल तर ते प्लॅटिनमला चिकटून बसते, म्हणून दहा लाखांत अर्धा भाग यापलीकडे ते चालत नाही. आर्सेनिक किंवा शिसे आले तर कायमचे नुकसान. म्हणून नॅफ्था आधी दुसऱ्या एका युनिटमध्ये हायड्रोजनबरोबर तापवून धुऊन घेतात.

हायड्रोजन काढण्याचे काम उष्णता खाते. नॅफ्थ्याची वाफ पाचशे अंशांच्या आसपास पहिल्या रिॲक्टरमध्ये शिरते आणि बाहेर पडताना ऐंशी-शंभर अंशांनी थंड झालेली असते. आग नाही, गार पाणी नाही, नुसते रेणू कड्यांत वळले म्हणून एवढी उष्णता गेली. मग तिला पुन्हा भट्टीतून फिरवून दुसऱ्या रिॲक्टरला द्यायचे, मग तिसऱ्या, कधी चौथ्या. सोपी कामे पहिल्या रिॲक्टरमध्ये झटपट होतात, तिथे उत्प्रेरक थोडा पुरतो. साखळी वळवण्याचे चिवट काम शेवटी होते, म्हणून शेवटचा रिॲक्टर सर्वांत मोठा. नव्या माणसाला मी नेहमी हे रिॲक्टर खालून दाखवत असे आणि त्याला विचारत असे, हे एकाच मापाचे का केले नाहीत? ज्याला उत्तर सुचे त्याला रिफॉर्मिंग कळले असे मी धरून चाले.

आता कोक. या विषयाचा गाभा मी कोकमध्ये मानतो, आणि पुस्तकातली सर्वांत जास्त पाने त्यालाच दिली आहेत. रेणूंमधून हायड्रोजन काढत गेलो की काही रेणू कड्यावर थांबत नाहीत. कड्याला कडे जोडत जातात आणि शेवटी काजळीसारखे उत्प्रेरकावर बसतात. दाब जास्त ठेवला, हायड्रोजन भरपूर फिरवला तर कोक कमी बसतो, पण त्याच दाबाने कडी होण्याचे कामही मागे रेटले जाते. दाब कमी केला तर ॲरोमॅटिक्स जास्त, हायड्रोजन जास्त आणि कोकही जास्त. १९५०च्या दशकातली युनिटे हवेच्या तीस पटींहून अधिक दाबाला चालत, म्हणजे उत्पन्न सोडून आयुष्य मिळवत. वर्ष-सहा महिन्यांनी ती बंद करायची आणि कोक जाळायचा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस शेव्हरॉनने प्लॅटिनमबरोबर ऱ्हेनियम घातले. हा उत्प्रेरक बसलेला कोक जास्त सोसू लागला, आणि दाब निम्म्याच्या आसपास आणता आला.

१९७१ मध्ये वेगळाच विचार पुढे आला. युनिट बंद करून कोक जाळण्याऐवजी उत्प्रेरकच सतत बाहेर काढायचा, जाळून स्वच्छ करायचा आणि वरून परत घालायचा. याला सीसीआर म्हणतात. त्यासाठी उत्प्रेरक मोहरीच्या दाण्याएवढ्या गोल गोळ्यांच्या रूपात केला. एकावर एक रचलेल्या रिॲक्टरांतून या गोळ्या आपल्याच वजनाने हळूहळू खाली उतरतात, तळातून निघून गॅसच्या झोतावर कोक जाळणाऱ्या रिजनरेटरच्या माथ्यावर चढतात. काही दिवसांत एक फेरा पूर्ण होतो. दाब हवेच्या चार-पाच पटींवर आला. रहाटगाडग्याचे पोहरे बघत मोठे झालेल्या माणसाला ही रचना परकी वाटू नये.

या गोळ्यांचा नमुना घ्यायला मी कधी कंटाळलो नाही. रिॲक्टरमधून आलेल्या गोळ्या कोळशासारख्या काळ्या असतात. रिजनरेटरमधून निघालेल्या फिकट, जवळजवळ पांढऱ्या. कोक जाळताना ऑक्सिजन अगदी विरळ, एक टक्क्याच्या आत, ठेवतात, कारण जोराने जाळले तर ॲल्युमिनाची भोके आवळून मिटतात आणि ती परत उघडत नाहीत. जाळून झाल्यावर क्लोरीन देऊन एकत्र गोळा झालेले प्लॅटिनम पुन्हा पसरवतात, मग वाळवतात, मग हायड्रोजन देतात. पांढरी दिसणारी गोळी पात्याने मधोमध कापायची आणि आत काळा ठिपका आहे का पाहायचे. असला तर जाळण अर्धवट झाले आहे, आणि ती गोळी पुढे क्लोरीनच्या भागात, जिथे ऑक्सिजन जास्त असतो, आतून पेटू शकते. एका रात्रपाळीत एका तरुण ऑपरेटरने तो ठिपका माझ्याआधी पाहिला होता. त्याने फोन केला म्हणून रिजनरेटर वाचला. उपकरणांचे सगळे आकडे तेव्हा ठीक दिसत होते.

रिफॉर्मरमधून जे निघते ते ॲरोमॅटिक्सचे दाट मिश्रण. पेट्रोल करायचे असेल तर काम इथेच जवळजवळ संपते. शुद्ध माल हवा असेल तर खरी कसरत पुढे आहे. आधी सल्फोलेनसारख्या द्रावकाने बेंझिन आणि टोल्युइन बाकीच्या रेणूंपासून वेगळे करतात. मग झायलीनची पाळी. तीन सख्खी भावंडे : ऑर्थो, मेटा, पॅरा. कड्यावर मिथाइलचे दोन गट, फक्त त्यांच्या जागा वेगळ्या. सगळ्यांना हवे असते ते पॅरा. पण पॅरा १३८.४ अंशांना उकळते आणि मेटा १३९.१ ला. एका अंशाहून कमी फरकावर ऊर्ध्वपातनाचा मनोरा काय करणार? गोठताना मात्र त्यांची वाट वेगळी होते. पॅरा १३ अंशांनाच स्फटिक धरते, महाबळेश्वरच्या हिवाळ्यात बाटलीत घट्ट होईल असे. मेटा उणे ४८ पर्यंत द्रव राहते. म्हणून सुरुवातीला गोठवूनच पॅरा काढत. मायकेल फॅरडेने १८२५ मध्ये लंडनच्या दिव्यांच्या गॅसमधून उरलेल्या तेलातून बेंझिन प्रथम वेगळे केले तेही गोठवूनच, आणि पुढे पॅराचे कारखानेही त्याच युक्तीवर चालले.

१९७१ मध्ये आलेल्या पॅरेक्स पद्धतीने गोठवणे मागे टाकले. झिओलाइट नावाचे सूक्ष्म छिद्रांचे खनिज पॅरा-झायलीनला बाकीच्यांपेक्षा जास्त घट्ट धरून ठेवते. हे खनिज द्रवाच्या उलट दिशेने सरकत ठेवता आले तर वेगळे करणे सतत चालेल, पण दाणे सरकवले की ते झिजतात. मग दाणे जागेवरच ठेवले आणि द्रव घालण्याच्या व काढण्याच्या जागा ठरावीक वेळाने पुढे सरकवल्या. पंगतीत जेवणारे पानावरून उठत नाहीत, वाढपी पुढे सरकतो. बघणाऱ्याला वाटावे पंगतच सरकते आहे. उरलेले ऑर्थो आणि मेटा दुसऱ्या उत्प्रेरकावरून नेऊन त्यांतल्या काहींचे पॅरा करतात आणि पुन्हा पंगतीला बसवतात. मला सगळ्या रासायनिक अभियांत्रिकीत याहून देखणी रचना आठवत नाही.

पॅरा-झायलीनपासून टेरेफ्थॅलिक आम्ल, आणि आम्लापासून पॉलिएस्टर. १९४१ मध्ये मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी हा धागा काढला. आपल्याकडे तो आधी टेरिलीनच्या शर्टाच्या रूपाने आला. इस्त्री न लागणारा, लग्नाकार्याला घालायचा शर्ट. मग टेरिकॉट आले आणि शाळेच्या गणवेशापासून कचेरीच्या पँटपर्यंत पसरले. आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या मागांवर जे सूत चढते त्यात पॉलिएस्टरचा वाटा किती आहे, हे त्या गावांतल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या सुताची मुळे मात्र त्याला कोणी दाखवलेली नसतात.

ती मुळे दूरची नाहीत. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर माहुल-तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ मध्ये दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, आणि माहुलमध्ये पुढे बेंझिन-टोल्युइन होऊ लागले. वडोदऱ्याजवळच्या कोयलीत १९६०च्या दशकात सोव्हिएत साहाय्याने रिफॉर्मिंग आले. रायगड जिल्ह्यात पाताळगंगेच्या काठी रिलायन्सने १९८२ मध्ये पॉलिएस्टरचे धागे काढायला सुरुवात केली आणि त्याच दशकात त्या धाग्याचा कच्चा मालही तिथे होऊ लागला. १९९९ मध्ये जामनगरची रिफायनरी आली तेव्हा पॅरा-झायलीन हा तिचा सुरुवातीपासूनचा भाग होता. नळातून निघालेला द्रव आणि मागावरचे सूत यांच्यामध्ये महाराष्ट्र-गुजरातचे काहीशे किलोमीटर आहेत.

आणि हायड्रोजन? त्याला उपउत्पादन म्हणतात, पण तो शब्द त्याच्यावर अन्याय करतो. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स इंधन आले, ज्यात दहा लाख भागांत गंधक फक्त १० भाग चालते. डिझेलमधून एवढे गंधक काढायला हायड्रोजनच लागतो, आणि रिफायनरीच्या आतच रिफॉर्मर तो देत राहतो.

बेंझिनबद्दल स्पष्ट लिहिणे माझे कर्तव्य आहे. ते माणसाच्या रक्तात बिघाड करते, रक्ताचा कर्करोग होऊ शकतो हे सिद्ध आहे. शिसे घातलेले पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. ऑक्टेनची ती जागा भरताना ॲरोमॅटिक्सवर सगळा भार टाकला असता तर एका विषाऐवजी दुसरे दारात आले असते. म्हणून पेट्रोलमध्ये बेंझिन एक टक्क्यापलीकडे चालत नाही आणि एकूण ॲरोमॅटिक्सवरही मर्यादा आहे. बेंझिन ज्या रेणूंपासून होते ते फीडमधूनच आधी बाजूला काढता येतात. बेंझिनवर एक पूर्ण प्रकरण केले आहे. नमुना घेताना नाकाला गोड वास आला म्हणजे तुम्ही आधीच उशीर केलेला आहे, हे मी प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो. बंद बाटलीतला नमुना, हातमोजे, वाऱ्याची दिशा : हे प्रकरण वाचल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये.

भाषेबद्दल थोडे. कॅटॅलिस्टला मी ‘उत्प्रेरक’ म्हटले आहे, कारण हा शब्द शाळेपासून सगळ्यांच्या कानावर आहे. पण फीड, रिॲक्टर, कोक, रिजनरेटर, शटडाउन हे शब्द तसेच ठेवले. पाळीवरचा माणूस ज्या शब्दात धोक्याची सूचना देतो, त्या शब्दाचे मी संस्कृत करणार नाही. आकृत्या मोठ्या काढल्या आहेत. गणित दोनच ठिकाणी आहे, आणि तिथे एकेक पायरी सोडवून दाखवली आहे. वाचकाला बारावीचे रसायनशास्त्र आठवत असेल तर उत्तम. नसेल तर दुसऱ्या प्रकरणात हेप्टेनची साखळी हाताने कागदावर काढावी, सात ठिपके आणि सहा रेघा, आणि मग पेन्सिलने तिचा पहिला आणि सहावा ठिपका जोडून पाहावा. पुस्तक तिथून पुढे आपोआप वाचता येईल.